सोनाआत्याचं जळणं

कुणाच्या घरी नवी वस्तू आली की सोनाआत्या त्यांच्या दारात जाऊन तोंडावर सांगायची, "तुमचं हे बघून माझ्या पोटात आग पडली." समोरचा माणूस गोंधळलेला असतानाच ती पदराच्या गाठीतून मीठ आणि वाळलेल्या मिरच्या काढायची, त्या वस्तूवरून ओवाळायची आणि त्यांच्याच चुलीत टाकायची. "मीच लावली, मीच काढली. आता खुशाल वापरा," असं म्हणून चहा न घेता परतायची. आमच्या येडशीत जळणाऱ्या बायका आणखीही असतील, पण त्या गोड बोलून जात. आत्याचं सगळं उघड. त्यामुळं पुढं पुढं लोकच म्हैस विकत आणली की म्हणायचे, "आधी सोनाबाईला दाखवा, म्हंजी मोकळं हुईल."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आमचं घर मेंढरांवर जगणारं. निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारची, जुम्म्याची. त्या दिवशी मी घरीच असे, आणि ती सकाळपासून ओट्यावर चातीवर लोकर कातत बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून मनात येईल ते बोले. "स्टेशनमास्तराच्या बायकोचं बरं हाय. दारातनं गाडी जाती. आमच्या दारातनं निस्ती मेंढरं जात्यात." पलीकडच्या म्हाताऱ्याचा डोळा लागला तरी तिला हेवा वाटे. "कशी झोप लागती बघ मेल्याला. त्याला सून चांगली मिळाली."

आई घाबरून म्हणे, "अक्का, असं बोलू न्हाय, लोक नावं ठेवत्यात."

"ठेवू दे. ज्याला कुणाचाच हेवा वाटत न्हाय, त्याला भूक लागलेलीबी कळत न्हाय," आत्या म्हणायची आणि चाती पुन्हा गरगर फिरवायची.

तिच्या हेव्याचं हक्काचं घर म्हणजे समोरच्या गौराबाईचं. गौराबाईंच्या घरी किराणा मालाचं दुकान होतं. त्यांचा शिवलिंग माझ्याच वर्गात, चौथीत होता. चौथीनंतर तो धाराशिवच्या मोठ्या शाळेत जाणार, हे त्याच्या जन्मापासून ठरलेलं. माझंही ठरलेलं होतं. परीक्षा झाली की मी मेंढरांमागं जायचं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या मापाची काठीसुद्धा तासून ठेवली होती. मला शिकायचं होतं, पण हे कुणाला सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी धाराशिवला जिल्ह्याच्या शाळांचे खेळ होते. पहिल्या दिवशी सगळ्या शाळांची मुलं निशाण घेऊन मैदानाला फेरी मारणार, तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टर, शामियान्यातून सलामी घेणार, असा मोठा थाट होता. आमच्या शाळेचं निशाण शिवलिंगला मिळालं, कारण कॅनव्हासचे बूट त्याच्याकडेच होते. आत्याला कळताच ती समोर गेली.

"गौरा, त्या बुटापायी मला रातचं जेवान गेलं न्हाय."

"मग काढा की नजर, सोनाबाई. पोरगं लांब जायचंय."

आत्यानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा असा तिखट धूर उठला की दोघी खोकत बाहेर आल्या आणि ओट्यावर बसून हसत राहिल्या. मला मात्र हसू येत नव्हतं.

खेळांना आम्ही बैलगाड्या जुंपून गेलो. आत्या हट्टानं गौराबाईंच्या गाडीत बसली. मैदानात पोलिसांचा बँड वाजला आणि एकेक शाळा पुढं सरकू लागली. शिवलिंग निशाण घेऊन ऐटीत चालला. मी मागच्या रांगेत, अनवाणी. दोराच्या पलीकडे आत्या दिसली. ती आमच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आमच्या पुढं चाललेल्या धाराशिवच्या मोठ्या शाळेवर होती. त्यांचं निशाण एका काळ्या, उंच, अनवाणी पोराच्या हातात होतं. आत्याशेजारी खांद्यावर घोंगडी टाकलेली एक बाई उभी होती. त्या दोघींचं बोलणं मला पुढं आत्याच्याच तोंडून इतक्यांदा ऐकायला मिळालं की मी तिथंच उभा होतो असं वाटतं.

"कुणाचं गं ते पोरगं?"

"माझंच की. आमी भूमकडचं. मेंढरंवालं."

"मेंढरं? मग ह्यो शाळेत असल्यावर मेंढरं कोण बघतं?"

"म्या बघते. आन कोण?"

परतीच्या वाटेवर गौराबाईंनीच विचारलं, "सोनाबाई, आज काय बोलंना? माझ्या पोराची नजर काढायची न्हाय व्हय?"

"तुझ्या पोराला काय झालं न्हाय. तू वाणीण, तुझ्या पोराच्या पायात बूट असणारच. पण ती बाई माझ्यासारखीच हाय गं. तिच्या अंगावरची घोंगडीबी माझ्यापरीस जुनी."

त्या बाईची नजर काढलीत का, असं गौराबाईंनी विचारलं. आत्या म्हणाली, "न्हाय काढली. हे इझवायचं न्हाय."

घरी पाय धुवायच्या आधीच ती नानांसमोर उभी राहिली. "किसन्याला धाराशिवच्या शाळेत घाल," माझ्याकडं बोट करून ती म्हणाली.

"आन मेंढरामागं कोण जाईल?"

"मी."

"अक्का, तुझं गुडघं उठू देत न्हाईत तुला."

"गुडघं दुखत्यात ते दिवसा. ती बाई माझ्या डोळ्यापुढनं रातीबी हलायची न्हाय. मी जळून मरावं असं वाटतं का तुला?"

नानांनी बैल दावणीला बांधले. मग कोपऱ्यातली ती तासलेली काठी त्यांनी आत्याच्या हातात दिली. काठी तिला आखूड होती. तीच घेऊन ती दुसऱ्या दिवशी रामलिंगाकडच्या माळावर मेंढरं घेऊन गेली, आणि पुढं कितीतरी वर्षं जात राहिली. मी बी.ए. झालो ते बघायला ती उरली नाही. आज माझ्याकडे जे काही आहे, ते एका बाईला दुसऱ्या बाईचा हेवा वाटल्यामुळं आहे. हेवा वाईट असं मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं. ते लिहिणाऱ्यांना सोनाआत्या भेटलेली नसावी.

त्या वर्षी शाळा उघडल्यावर मला धाराशिवला सोडायला तीच आली होती. बोर्डिंगच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि आत मुलं एका सुरात मोठ्यानं वाचत होती. आत्या चौकटीला हात लावून ऐकत राहिली. तिला एक अक्षरही येत नव्हतं. मला वाटलं, ती रडेल, आणि मग मलाही रडता येईल.

"किसन्या," ती म्हणाली, "आजवर घरातल्या माणसावर मी कधी जळले न्हाय. आज तुझ्यावर जळते. जा आत."

मी आत गेलो. वळून पाहिलं तर ती अजून तिथंच उभी होती.