झोळीचं दुसरं टोक

बावीस वर्षांनी पुन्हा डोंगरात मुक्कामाला आलो. जमिनीवर झोपणं आता कमरेला मानवत नाही, म्हणून दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी विकत घेतली. एक टोक हिरड्याच्या झाडाला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि तसाच उभा राहिलो, कोणीतरी येऊन गाठ मारील म्हणून. पूर्वी तंबूची दोरी मी धरायचो आणि गाठ दिगंबर मारायचा. हातांची ती सवय गेलेली नाही. दिगंबर गेल्या पावसाळ्यात वारला, हे या हातांना कोणी सांगितलेलंच नाही.

शेवटी मीच गाठ मारली, दोरी तारेसारखी ताणून. हिरडे वेचणारी एक म्हातारी बघत होती. म्हणाली, "एवढी ताणू नका, दादा. लेकराची झोळी कुणी ताणून बांधतं का? सैल सोडा, मंग ती माणसाला पोटात घेती."

मी गाठ सैल केली. नोकरी, घर, सगळंच मी असं ताणून बांधत आलो. सैल सोडलं ते एकच. दिगंबर दर हिवाळ्यात फोन करायचा, "येतोस का रे?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की."

झोळीत आडवा झालो. तिने खरंच पोटात घेतलं. दोन्ही बाजूंनी कापड वर आलं आणि पानांमधून मळकट आभाळ तेवढं दिसत राहिलं.

"एकलेच आलात?" म्हातारीने निघताना विचारलं.

"नाही, एक जण मागून येतोय," मी बोलून गेलो.

ती थांबून पायवाटेकडे बघू लागली. मान उचलून मीही बघितलं.