जड ते टिकतं

माझा मित्र राजगोपाल कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर, पितळी भांड्यांच्या दुकानात एकेचाळीस वर्षं उभा होता. उभाच, बसायचे ते मालक. गिऱ्हाइकाने कळशी उचलली की हा ती त्याच्या हातून घ्यायचा, तळहातावर एकदा वर-खाली करायचा, बोटाच्या पेराने टिचकी मारून कान लावायचा आणि सांगायचा, "पावणेदोन किलो. बूड मागाहून बसवलंय." तराजू पावणेदोनच दाखवायचा. बुडाची गोष्ट मालकांना सांगायची नसायची, पण याचं तोंड कान लावल्यावर थांबत नसे. त्यावरून त्याने दोनदा नोकरी घालवली आणि दोन्ही वेळा मालकच घरी येऊन, कॉफी पिऊन, त्याला परत घेऊन गेले.

आम्ही दोघं पट्टीश्वरमच्या शाळेतले. शाळा म्हणजे एक लांब ओसरी, एक फळा आणि कृष्णमूर्ति मास्तर. मास्तर तमिळ. आमच्या घरची भाषा मराठी, तंजावरच्या राजांबरोबर आलेली; त्यांच्या कानाला ती नुसता खडखडाट. त्यांनी मला साती आठे विचारलं की राजगोपाल डोळे वटारून माझ्यावर ओरडायचा, "अरे गाढवा, छप्पन की रे! मेल्या, छप्पन!" मास्तरांना वाटे, हा मला अभ्यासावरून दटावतोय. ते त्याची पाठ थोपटत. मी पाचवी पास झालो तो राजगोपालच्या शिव्यांवर.

तुम्हां महाराष्ट्रातल्या लोकांना आमची भाषा जुनाट वाटते, हसू येतं. हसा बापडे. पण तुम्हाला तुमच्या भाषेचा एक उपयोग ठाऊक नाही, कारण तुमच्याकडे ती सगळ्यांनाच येते. आमच्याकडे ती म्हणजे चारचौघांत बसून घरचं दार लावून घेणं. साडीच्या दुकानात राजगोपालची बायको कामाक्षी तमिळमध्ये म्हणते, "रंग काही मनात भरत नाही," आणि त्याच दमात मराठीत नवऱ्याला, "हीच घ्यायची आहे, पण तुम्ही उठल्यासारखं करा." तो उठतो. दुकानदार हात धरून बसवतो.

आणि म्हणूनच आमच्यात एक रीत आहे. कोणी अनोळखी माणूस आपल्यासमोर घरची भाषा बोलू लागला, तर त्याचं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत सांगून टाकायचं, "आम्हीही घरचेच हो." न सांगता ऐकत राहणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं. राजगोपालने ही रीत कधी मोडली नाही. एकदा तंजावरचं एक कुटुंब लग्नाची भांडी घ्यायला आलं. मुलीची आई नवऱ्याला म्हणाली, "या टकल्याला गुंडाळायला वेळ लागायचा नाही." राजगोपालने हात जोडले, "अक्का, टकल्या घरचाच आहे." बाई लाजून लाल झाली, मग हसली, मग समईची जोडी आणखी घेतली. अजून त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नाची पत्रिका त्याला येते.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

राजगोपालची नात हरिणी आजीआजोबांकडे राहून शिकते. मुलगा-सून तिरुपूरला असतात. दहावीला तिला चांगले गुण पडले आणि अकरावीला पहिला गट मिळाला, म्हणजे गणित आणि विज्ञान. तिला इंजिनियर व्हायचंय. शाळेने कळवलं, धडे आणि दर शनिवारची चाचणी टॅबवर होईल; ज्याचे गुण चाचण्यांत सारखे घसरतील त्याला सहामाहीनंतर दुसऱ्या गटात पाठवू. पोरगी सुट्टीत तिरुपूरला होती, रविवारी रात्रीच्या गाडीने यायची होती, सोमवारी शाळा. तेव्हा टॅब आणायला निघालो आम्ही दोघे म्हातारे.

बसस्टँडजवळच्या दुकानात काचेवर दोन टॅब मांडले गेले. एक दोन वर्षांपूर्वीचा, खोक्यातून कधी न काढलेला. दुसरा यंदाचा, बारीक, चकचकीत. दाखवणारा विशीतला, शर्टाच्या खिशावर नावाची पट्टी: सतीशकुमार. तोंडभर तमिळ, कपाळावर विभूती.

राजगोपालने एक या हातात घेतला, एक त्या हातात. वर-खाली केला. मग, शप्पथ, टिचकी मारून कान लावला.

"शेषा," तो मला मराठीत म्हणाला, "जुना बघ. अंगात काहीतरी आहे याच्या. नवा म्हणजे नुसता पापड."

"अरे, ती काय कळशी आहे?"

"वस्तू ती वस्तू. जड ते टिकतं."

"पण आपल्याला यातलं काडीचं कळत नाही, राजा."

"ते त्याला कुठे ठाऊक आहे? आज घेतल्याशिवाय हलायचं नाही, पण तोंडावर दिसू देऊ नको. तू नुसती मान हलव."

मी मान हलवली. सतीशकुमार काच पुसत होता. पुसून झाल्यावर, तमिळमध्ये आजोबांना म्हणतात तसं ताता म्हणून, बोलू लागला, "ताता, नवा दिसायला बरा आहे. पण हा जुना हातावर घेऊन बघा. जड आहे. जड वस्तू टिकते."

राजगोपालचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "ऐकलंस? एक अक्षर कळलं नसताना पोरगं नेमकं तेच म्हणालं! धंद्याचा माणूस धंद्याच्या माणसाला ओळखतो, शेषा."

शाळेची चिठ्ठी त्याने पुढे केली. तीत इंग्रजीत कसलासा आकडा होता, टॅबच्या आत अमुक एवढं तरी हवं म्हणून. सतीशकुमारने चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत दिली. "आत्ता चालेल, ताता."

आम्ही जुना घेतला. तो 'जड ते टिकतं'चा किस्सा मी त्या आठवड्यात अकरा जणांना सांगितला. माझा नातू म्हणाला बारा, पण त्याने पोस्टमन धरला होता.

टॅब चालला. सरस्वतीपूजेपर्यंत उत्तम चालला. पूजेला आम्ही पुस्तकं, हत्यारं, तराजू, सगळं देवीपुढे ठेवतो. राजगोपालने टॅबलाही गंधाचा टिळा लावला, वर कुंकू. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, हरिणीने तो उचलून उघडला तर शाळेचं ॲप उघडेना.

"ओलं गंध आत गेलं असणार," कामाक्षी म्हणाली. "मशीनला टिळा लावतात का असा? लोट्याला लावल्यासारखा थापलात!"

"बोटभर तर लावलं गं."

"बोटभर! अर्धं चंदनाचं खोड झिजवलंत!"

राजगोपालने टॅब उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात ठेवला. हरिणी म्हणाली, "राहू दे आजोबा, मी सौंदर्याकडे करते चाचणी." सौंदर्या म्हणजे पलीकडच्या गल्लीतली तिची मैत्रीण. त्यानंतर दर शनिवारी ती चाचणी द्यायला तिकडे जाऊ लागली. राजगोपाल मला रोज म्हणे, "शेषा, माझ्या हाताने वाटोळं केलं मी." त्याने सकाळी देवाला गंध लावायचंही सोडलं, नुसती फुलं वाहायचा.

मग शाळेतून निरोप आला. हरिणीचे गुण तीन चाचण्यांत घसरलेत, सहामाहीपर्यंत सुधारले नाहीत तर पहिला गट जाईल. राजगोपाल चक्रावला. पोरगी हुशार, मग कसं? विचारता विचारता बाहेर आलं. सौंदर्याची चाचणी संपल्यावर जो वेळ उरे, तेवढ्यातच हरिणीला टॅब मिळे. कधी वीस मिनिटं, कधी बारा.

"आणि गंधाने काही झालं नव्हतं, आजोबा," ती खाली बघत म्हणाली. "शाळेने ॲप बदललं. नव्याला चिठ्ठीतला आकडा लागतो, तो या टॅबमध्ये नाही. आधीपासूनच नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही टिचकी मारून आणला होता. कसं सांगू?"

हे ऐकून राजगोपाल टॅब घेऊन दुकानात गेला. सतीशकुमार तमिळमध्ये म्हणाला, "ताता, हे कंपनीच्या हातात असतं. आपण काय करणार? नवा घ्या." राजगोपालला ते पटलंही. म्हणाला, "पोराचा काय दोष? त्याला थोडंच ठाऊक होतं." असा माणूस.

पुढची एकादशी आली. आम्ही नेहमीसारखे दुपारी गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात गेलो. भजन रंगात आलेलं. झांज वाजवणाऱ्यांत एक पोरगा डोळे मिटून, मान डोलवत, शब्द न् शब्द म्हणत होता. मी राजगोपालला कोपर मारलं, "बघ तुझा टॅबवाला! पोरगं पाठ करून आलंय काय छान!" मला खरंच कौतुक वाटलं. तमिळ पोरंही हल्ली भजनाला येतात, अभंग तमिळ लिपीत लिहून घेतात.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "सतीशा, घसा सुकला असेल रे. आधी पाणी पी. आणि ताईची झांज तिला परत दे, नाहीतर घरी रडगाणं लावेल."

"देतो गं आई, एवढं होऊ दे," सतीशकुमार म्हणाला. आमच्याच मराठीत. त्यातसुद्धा पापनाशमकडचा हेल.

त्याने डोळे उघडले ते थेट आमच्यावर. झांज एका ठोक्याला चुकली.

राजगोपाल उठून बाहेर गेला, चपला काढतात तिथे उभा राहिला. थोड्या वेळाने सतीशकुमार आला. मी मध्ये विनोद करायला तोंड उघडलं आणि राजगोपालकडे बघून मिटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

"तुला ही भाषा येत होती," राजगोपाल म्हणाला.

"आईच्या पोटातून येते, आजोबा."

"आम्ही दोन वाक्यं बोललो नाही, दहा बोललो. एकाही वाक्याला तुला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं की लोक म्हणतात, आपलाच आहेस, मग कमी कर. दर महिन्याला कोणीतरी येतं." तो पायाने वाळू उकरत होता. "आणि तो जुना दोन वर्षं पडून होता. मालक रोज म्हणायचे, हा खपव, नाहीतर तू घरी बस."

"आम्हाला यातलं काही कळत नाही, हेही ऐकलंस."

"ऐकलं."

"चिठ्ठीतला आकडा?"

"वाचला. म्हणून तर 'आत्ता चालेल' म्हणालो. खोटं कुठे बोललो, आजोबा? जड ते टिकतं, हे तुम्हीच म्हणालात."

"मीच म्हणालो," राजगोपाल म्हणाला. "माझंच वाक्य तू मला परत दिलंस, आणि मी ते तुझं समजून विश्वास ठेवला."

आतून टाळ्यांचा गजर आला. सतीशकुमारने मागे बघितलं. "उद्या पोरीला घेऊन या. मी मालकांना सांगतो पीस खराब निघाला, बदलून देतो. फक्त आईला..."

"तुझ्या आईला मी काय सांगणार? आणि टॅब खराब नाही. त्याचा काय गुन्हा? त्याला खराब म्हणायचं नाही."

घरी येताना बसमध्ये राजगोपाल एवढंच म्हणाला, "शेषा, मी एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकासमोर उभा होतो रे." मी हो म्हटलं.

मला वाटलं, तो आता दुसऱ्या दुकानात जाईल. पण सहामाहीला तीन आठवडे उरले होते, आणि तसा टॅब गावात तिथेच शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो: हरिणी, कामाक्षी, तो आणि मी. मालक गल्ल्यावर होते. राजगोपालने जुना टॅब काचेवर ठेवला, याचं जे काय ठरेल ते धरून नवा द्या, म्हणाला. तमिळमध्ये म्हणाला. सतीशकुमारला त्याने हाक मारली ती "सार" अशी, परक्या साहेबाला सर म्हणतात तशी. आजोबाच्या वयाच्या माणसाने सार म्हटल्यावर पोराचे कान तापले.

नवे तीन टॅब मांडले. राजगोपालने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. टिचकी नाही, वजन नाही. हरिणीनेच एकेक उघडून आतला आकडा बघितला.

कामाक्षीला जित्याची खोड. ती मराठीत पुटपुटली, "अहो, त्या निळ्या कव्हराचं विचारा, पण आधी नको म्हणा."

"तमिळमध्ये बोल," राजगोपाल मोठ्याने तमिळमध्येच म्हणाला. "बाहेरच्या माणसांसमोर घरची भाषा बोलू नये."

सतीशकुमार खाली वाकून खोकी लावत होता. लावलेलीच परत लावत होता. कामाक्षीने माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे पाहिलं.

हरिणीने एक टॅब उचलला आणि सरळ त्याला मराठीत विचारलं, "अण्णा, हा किती वर्षं चालेल? खरं सांगा."

मालक गल्ल्यावरच होते. सतीशकुमार सरळ उभा राहिला आणि त्यांच्या देखत, मोठ्याने, मराठीत म्हणाला, "चार वर्षं, ताई. त्यापुढे शाळेचं ॲप चालणार नाही. आणि मधला घेऊ नकोस, त्याची बॅटरी लवकर जाते."

मालकांनी चमकून वर पाहिलं. आपल्या माणसाच्या तोंडून ही भाषा त्यांनी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, आता राजगोपालचा राग उतरेल. निदान एक हुंकार देईल.

राजगोपाल हरिणीकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, "काय म्हणतायत ते सार? मला कळलं नाही."

हरिणी क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सतीशकुमारचं बोलणं, चार वर्षं, ॲप, बॅटरी, सगळं एकेक करून आजोबाला तमिळमध्ये सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता.