बाईंनी खोडलेला प्रश्न

विज्ञानाच्या बाई तशा मनाने वाईट नव्हत्या हो. पण शाळेचं नाक कापलं जाईल या धास्तीने त्यांनी जे केलं, ते आठवलं की आजही त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

झालं असं. शाळेच्या संगणक खोलीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा प्रोग्रॅम आला. तो आयतं उत्तर द्यायचाच नाही. मुलांनी मनातलं काहीही विचारावं, त्याने उलट 'असं झालं तर?' म्हणून डिवचावं, आणि पोरांची डोकी चालू लागावीत, असा बेत. तपासणीला साहेब यायचं ठरलं आणि बाईंची पाचावर धारण बसली. मुलांनी भलतंसलतं विचारलं तर? मग काय, त्यांनी प्रत्येकाला आपला प्रश्न आपापल्या वहीत लिहायला लावला, सगळे लाल पेनाने सरसकट खोडले आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने एकेक चकचकीत प्रश्न लिहून दिला. आठवडाभर घोकंपट्टी. आता बोला, स्वतंत्र विचारांची तालीम! घरी नवऱ्याने विचारलंही, तपासणी आहे की नाटक? बाई त्याच्यावरच उखडल्या.

साहेब आले. पोरांनी धडाधड प्रश्न टाइप केले, साहेब खूश. जाता जाता म्हणाले, आता ज्याला जे वाटेल ते विचारा. सगळी पोरं बाईंच्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाई, माझा विचारू, की तुम्ही दिलेला?"

साहेबांनी नुसतं बाईंकडे बघितलं. बाईंच्या तोंडातून निघून गेलं, "खाली बस."

ती बसली. साहेबांनी शेरा काय लिहिला, याची चौकशी करायचंही बाईंना धाडस झालं नाही. रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी त्या मुलीला संगणकापाशी बोलावलं, शेजारी बसवलं, माझं चुकलं म्हणाल्या, आणि तिचा स्वतःचा प्रश्न विचारायला सांगितला.

"तो चुकीचा होता ना, बाई," मुलगी म्हणाली. "तुम्ही खोडलात, म्हणून मी पान फाडून टाकलं. आता आठवत नाही. तुमचा पाठ आहे, तो म्हणून दाखवू?"

बाईंनी पुष्कळ आठवून बघितलं. पण आठवणार कुठून? खोडताना त्यांनी तो वाचलाच नव्हता.