गाडीची जमीन

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर घागर काढून दाखवत होतो, तेवढ्यात वलवणचा दूधवाला दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, भाऊ गेलं," तो म्हणाला. "सकाळीच. कामशेतात, न्हाव्याच्या खुर्चीत." आणि मी काही विचारायच्या आत, तेच सगळ्यात महत्त्वाचं असल्यासारखं त्याने सांगितलं, "अर्दी दाढी झालती." मी घागरीचा राहिलेला काठ पुरा केला, मुलांना ती उतरवून घ्यायला सांगितली आणि त्याच्याबरोबर निघालो. वाटेत कळलं की न्हाव्याने आधी नाडी पाहिली, मग हंबरडा फोडला, आणि मग डोळे पुसून दुसरा गालही नीट करून दिला. असं अर्ध्यावर माणसाला घरी कसं पाठवायचं, म्हणाला म्हणे. ज्ञानोबाभाऊंना हे पटलं असतं. अर्धवट काम त्यांना सोसायचं नाही.

भाऊ म्हणजे माझे वलवणचे घरमालक. मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून लोणावळ्याला आलो, तेव्हा गावात जागा मिळेना. त्यांच्या पडवीला लागून एक खोली होती, तिथे महिनाभरासाठी म्हणून गेलो आणि सहा वर्षं राहिलो. घरात भाऊ, यमुनावहिनी आणि भाऊंची आई ठकूमावशी, एवढीच माणसं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे, अंगाने बारके, बोलायला त्याहून बारके. डावखुरे. ती खोड मोडायला मावशीने लहानपणी पुष्कळ उपाय केले होते म्हणे, पण जेवण तेवढं उजव्या हातावर आलं, बाकी हातोड्यापासून तंबाखू मळण्यापर्यंत सगळा कारभार डाव्याचाच राहिला. मेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. भाऊ हेकट होते, रागावले की आठ-आठ दिवस अबोला धरायचे, आणि दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेताना त्यांचं अर्धं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असायचं.

त्यांची खाचरं तिकोणा पेठेच्या खालच्या अंगाला होती. पवनेचं धरण झालं, ती पाण्याखाली गेली. बदल्यात जे मिळालं त्यात दुसरी शेती येईना, म्हणून भाऊंनी आधी काही दिवस दुसऱ्याचा ट्रक हाकला आणि मग गाडी घेतली. लढाईच्या काळातली, नाकाड पुढे आलेली, मागे पेटीसारखा डबा असलेली जुनी व्हॅन. आधी ती मुंबईच्या एका बेकरीत पाव वाहायची, त्यामुळे दार उघडलं की वर्षभर तरी आतून नानकटाईचा वास यायचा. गावाने तिचं नाव 'पाववाली' ठेवलं. डब्यात दोन्ही बाजूंनी बाकडी ठोकून भाऊ मळवली स्टेशनातून आणि पेठेच्या वाटेवर माणसं नेऊ लागले. मावशी मात्र गाडीकडे फिरकली नाही. खाचरं गेली त्यानंतर ती परसात घराकडे पाठ करून बसायची. जेवायची, कामं करायची, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. खाचरातली माती शेवटची एकदा हातात घ्यायची राहिली, एवढं एकदा यमुनावहिनींपाशी बोलली होती. बस.

गाडी आली तीच तळाला सडून आली होती. मी भाऊंबरोबर तिच्याखाली निजून पाहिलं, तर वरच्या बाकड्याचे पाय दिसत होते. मिस्तरी म्हणाला, "फ्लोअर बदलावं लागेल." त्याने सांगितलेल्या खर्चात दुसरं इंजिन आलं असतं. भाऊंनी मिस्तरीला वाटेला लावलं. दोन दिवसांनी घाटातल्या रस्त्याच्या कामावरून डांबराची दोन रिकामी पिंपं आली. ती उभी चिरून, उलगडून अंगणातल्या दगडावर ठोकून सपाट केली. माझ्याकडे आलं मापाचं काम. चिक्कीच्या दुकानातून खोक्यांचे पुठ्ठे आणून मी तळाचे सहा तुकडे आखले, प्रत्येकावर शाईने 'पुढचा डावा', 'मधला उजवा' असं लिहिलं आणि चाकाच्या कमानीपाशी कात्रीने हळूहळू गोलाई आणली. सडका पत्रा छिन्नीने उडवायचा, कडेचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडायचा, पुठ्ठ्यावरून नवा पत्रा कापायचा, आणि मग रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणारे बिनआट्यांचे खिळे. त्याला माणसं दोन लागतात. भाऊ आत बसून वरून ठोकायचे, मी गाडीखाली उताणा पडून जड लोखंडाचा तुकडा रिव्हेटीच्या डोक्याला टेकवून धरायचो. प्रत्येक घाव कोपरापर्यंत झणझणत यायचा. चित्रकलेच्या शिक्षकाला हे शोभतं का, असं मी खालून विचारलं की वरून उत्तर यायचं, "धरा मास्तर, बोलू नका."

चौथ्या दिवशी मावशी परसातून उठून अंगणात आली. तिने आत डोकावून विचारलं, "काय चाललंय रं ग्यानू?" भाऊ मिस्तरीचा शब्द तिला सांगणार कसा? म्हणाले, "आय, गाडीची जमीन घालतूय."

म्हातारीने नव्या पत्र्यावरून हात फिरवला. "गाडीला जमीन असती व्हय?"

"असती की. न्हाई तर मानसं बसत्याल कुटं?"

"मंग तिला उगडी ठिवतूस?" एवढं बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर गाडीचं मागचं दार सताड उघडं आणि आत मावशी बादली घेऊन बसलेली. पत्र्यावर शेण धरत नाही हे तिला कळलं होतं, म्हणून आधी मातीचा पातळ हात देऊन त्यावर ती सारवत होती. उजव्या हाताची चार बोटं, एकाशेजारी एक कमानी, एकाच बाजूला झुकलेल्या. वहिनी दाराशी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. भाऊ आले, त्यांनी पाहिलं, आणि अंगणातला हातोडा उचलून जागेवर ठेवला. मावशी त्या दिवशी संध्याकाळी आपण होऊन म्हणाली की आमटीत मीठ कमी आहे.

त्यानंतर दर सोमवारी गाडी सारवली जायची, आणि दसऱ्याला तर भिंतीपर्यंत. त्याची एक गंमत झाली. सारवलेल्या जमिनीवर चप्पल घालून कोण जाणार? पेठेची माणसं दाराशी चपला काढायची, हातात घ्यायची आणि मग चढायची. हळूहळू मळवलीला लेणी बघायला उतरणारे मुंबईकरही, पुढच्याचं बघून, बूट काढू लागले. एका साहेबाने कारण विचारलं तेव्हा पेठेची एक बाई म्हणाली, "हितं सारवलंय," आणि तो गुमान मोज्यांवर बसला. भाऊंच्या गाडीइतकी स्वच्छ गाडी त्या वाटेवर दुसरी नव्हती. फक्त ती सडत होती. आमच्याकडचा पाऊस, धुकं, आणि वर हा कायमचा ओला लेप. दीड-दोन वर्षांत पत्र्याची चाळण व्हायची. मग पुन्हा पिंपं, पुन्हा माझे पुठ्ठे, पुन्हा मी खाली आणि भाऊ वर.

दुसऱ्या खेपेला मात्र प्रकरण गळ्याशी आलं. एका प्रवाशाचा पाय घोट्यापर्यंत तळातून खाली गेला. लागलं नाही फारसं, पण गाडीच्या पासिंगला आरटीओच्या साहेबाने तळ बघून नकार दिला. पंधरा दिवसांत तळ बदलून आणा, नाही तर गाडी मोडीत काढा, असं स्पष्ट सांगितलं. गाडी गेली तर भाऊंना पुन्हा दुसऱ्याचा ट्रक घाटात हाकावा लागला असता. मी गाडीखाली पडलो होतो, डोळ्यात गंज गेला होता, आणि मावशी बादली घेऊन येताना दिसली. मी म्हणालो, "मावशी, तुमच्या शेणानं गाडी खाल्ली बघा. लोखंड आहे ते, घर नव्हे." शिकलेल्या माणसाला खरं बोलायची फार घाई असते. मावशी बादली तिथेच ठेवून गेली, आणि पुन्हा परसात पाठ करून बसली.

गाडी पास झाली. सोमवार आला, गेला, पुढचाही गेला. भाऊंनी विचारलं तर मावशी म्हणाली, "हात दुकत्यात." जेवण अर्ध्यावर आलं. आमटीत मीठ असलं-नसलं तरी तिला सारखंच. शेवटी मीच भाऊंना सांगितलं की हे माझ्या बोलण्याने झालं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. ते तंबाखू मळत राहिले... मळून झाली तरी मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तिच्या शेणानं सडतंय ह्ये मला ठावं न्हवतं व्हय? पत्र्याचं काय, पत्रा मी पुन्यांदा ठोकीन. तिला खाचर कुटनं आणून दिऊ?"

त्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी, सोमवारी, मी पाहिलं तर भाऊ स्वतः शेणाची बादली घेऊन नव्या पत्र्यावर बसले होते आणि मोठ्याने खाकरत होते. मातीचा हात न देताच सारवत होते, त्यामुळे शेणाच्या गुठळ्या पत्र्यावरून घरंगळत होत्या. ते पाहायला परसातून मान वळली, मग म्हातारी उठली, आणि दाराशी येऊन कडाडली, "आरं मुडद्या, डाव्या हातानं सारवत्यात व्हय? लक्षुमी ऱ्हाईल का घरात?" भाऊ म्हणाले, "मंग मला येतंय का? तू दाव." तिने त्यांना ढकलून बाहेर काढलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, पण दुपारी वहिनींच्या हाती माझ्या खोलीत वाटीभर खरवस आला.

पुढे मी लोणावळ्यात घर बांधलं आणि वलवण सोडलं. मावशी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. भेटी कमी झाल्या. मी शहराचा झालो आणि भाऊ होते तसेच राहिले, एवढं म्हटलं तरी पुरे. गेल्या साली एकदा ते घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, पुठ्ठं जपून ठिवल्यात न्हवं?" मी माळ्यावरून काढून दिले. तळ बदलून झाल्यावर त्यांनी ते आठवणीने परत आणून दिले, पुसून, दोरी बांधून. रिव्हेटी खालून कुणी धरल्या, हे मी विचारलं नाही. म्हातारी जाऊन इतके दिवस झाले, मग गाडी अजून सडते कशी, हेही मनात आलं होतं. पाऊसच तसला आपल्याकडे, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्याकडे नीट न बघण्याला आपण कामाचा व्याप म्हणतो, आणि ते मला आता बोचतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी अंगणात गेलो. पाववाली तिथेच उभी होती, ताडपत्रीखाली. मागचं दार ओढलं. नानकटाईचा वास केव्हाच गेला होता. आत सारवलेलं होतं. पोपडे न धरलेलं, कडेकडेने नीट, मातीचा हात देऊन केलेलं, चांगलं सवयीच्या हाताचं काम. फक्त बोटांच्या कमानी सगळ्या उलट बाजूला झुकल्या होत्या. मी फळ्यावर रोज कमानी काढणारा माणूस आहे, मला ते ओळखायला वेळ लागला नाही. मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आत बाकड्यावर जाऊन बसलो. रडलो. वहिनी मागून आल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई गेल्यापास्नं दर सोमवारी. कुनाला सांगू नगं म्हनायचं. बापयामानसाला लोक हसत्याल म्हनून."

परवा दसरा. वहिनींचा भाचा चालवायला शिकला आहे, गाडी फिरेल असं दिसतं. मी काल वलवणला गेलो होतो. वहिनी पडवीत बसल्या होत्या आणि समोर बादली रिकामी ठेवलेली होती. "मास्तर, औंदा आमाला सण न्हाई," त्या म्हणाल्या. "दारात तोरण लावायचं न्हाई. पन गाडी... तळ पार गेलाय, भाचा म्हनतो. सारवू का नगं, तुमीच सांगा. तुमाला लोखंडातलं कळतंय."

मी म्हणालो, "सारवा वहिनी. पत्र्याचं मी बघतो." पुठ्ठे माझ्या माळ्यावर आहेत.