दाबून किती?

दत्ताभाऊ गेले त्या सकाळी मी गाडीची काच खाली केली नाही.

आज वर्ष झालं.

कुरुळीत चाकणच्या रस्त्याला लागून त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. मी पिंपळे सौदागरहून चाकणला कंपनीत जाणारा. हॅम रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या वायरलेस सेटवरून गावोगावच्या लोकांशी बोलण्याचा हौशी, लायसन्सवाला, आणि त्याचा थोडा माज असलेला.

नव्या गाडीत रेडिओ बसवला तर वेगळंच त्रांगडं. ऐकायला ठणठणीत, पण बोलायला माइकचं बटण दाबलं की बंद.

फ्यूज बदलला, वायर बदलली, रेडिओ दोनदा खोलला. शेवटी दत्ताभाऊंकडे गेलो आणि वर त्यांनाच लेक्चर दिलं.
"बॅटरी ओके आहे, सप्लाय ओके आहे. मी मोजलंय."

"गप बसल्यावर समदं ओकेच असतं साहेब. बटण दाबून मोजा की."

दाबलं. बाराचे नऊ व्होल्ट झाले.

अर्थची वायर बॉडीला कसली होती, तिथला रंग मी खरवडलाच नव्हता. नवी गाडी, जीवावर आलं होतं.
त्यांनी पॉलिश पेपर काढला. मी ओरडलो.

"रंगावर अर्थ बसत न्हाई," म्हणाले आणि घासत राहिले.

थोड्या वेळात साताऱ्याचा मित्र रेडिओवर बोलत होता. दत्ताभाऊ ऐकत उभे. मग हळूच म्हणाले, "त्यास्नी सांगा, काम कुरुळीत झालंय."
सांगितलं. माणूस लाजला चक्क.

तेव्हापासून रोज सकाळी तिथं गाडी स्लो करायचो. ते दुकानातूनच विचारायचे, "दाबून किती?"
मी चालू इंजिनवर बटण दाबून व्होल्टमीटरवरचा आकडा सांगायचो. "साडेतेरा."
ते हात वर करायचे. हाच आमचा रामराम.

त्या दिवशी शिफ्टला उशीर झाला होता. एसी चालू, काच वर. ते बाहेरच उभे होते, ओठ हलताना दिसले. मी नुसता हात केला आणि निघालो.

संध्याकाळी परत येताना शटर खाली आणि बाहेर माणसं. हार्ट अटॅक.

बायको म्हणते, एवढं काय त्यात. मला आहे. फार आहे.

परवा रेडिओ पुन्हा तसाच बंद पडायला लागला. त्याच जागी गंज चढला होता. घासला, वायर कसली, बटण दाबून मोजलं.

आज सकाळी दुकानासमोर गाडी थांबवली. मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता, देऊ दे म्हटलं. काच पूर्ण खाली केली.

दाबून साडेतेरा, दत्ताभाऊ.

उशिरा सांगतोय. रामराम घ्या.