लाटण्याने बंद केलेला मेन

आमच्या गावाला अर्धी आळी आकडा टाकून वीज घ्यायची, म्हणजे काठीला हुक बांधून खांबावरच्या तारेत अडकवायचा की झालं. बाबा म्हणायचे आपण चिमणीवर राहू पण आकडा नाही टाकायचा, आणि राहिलो आम्ही, आठवीपर्यंत जो काय अभ्यास केला तो मी चिमणीवरच केला. शेजाऱ्यांचा आकडा एकदा ठिणग्या उडवत त्यांच्याच छपरावर पडला नि घर डोळ्यांसमोर जळलं. तेव्हापासून मला विजेची जी भीती बसली ती बसली.

मग लग्न होऊन ओमानला, वादी कबीरला आले तरी तेच. नवरा कामावर गेला की बाळाला कडेवर घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे जायची, दोघींच्या चपात्या तिथेच, आणि निघताना घरचा मेन स्विच बंद. हात नाही लावायची, पायात रबरी चप्पल घालून लाटण्याने खाली ढकलायची. दूध-मासे ताईंच्या फ्रिजमध्ये. ताई म्हणायच्या, "अगं, माझ्या फ्रिजचा तू बाजार केलास."

ऑगस्टात एका सकाळी वॉचमन वर बोलवायला आला. खाली आमच्या दारात वीज कंपनीचे दोघं, एक ओमानी साहेब आणि एक केरळचा टेक्निशियन. टेक्निशियन हिंदीत बोलला, की नवीन मीटर ऑफिसात सगळं कळवतो, तुमच्या घरात माणसं राहतात आणि रोज सकाळी मीटर शून्यावर, एसी नाही, फ्रिज पण नाही, या गर्मीत? मग मीटर चुकवून वायर कुठून ओढलीय?

केस झाली तर नवऱ्याची नोकरी जाणार, व्हिसा जाणार, बाळाला घेऊन तोंड लपवत गावाला. त्याचा फोन लागेना. ते एसीच्या मागे बघतायत, कपाटामागे बघतायत, शेजारणी जिन्यात उभ्या, आणि मला एकदम बाबा आठवले. मीच पुढे झाले नि बोलले.

"भैया, मेरे बाबाने अंधेरे में रखा, लेकिन चोरी का बिजली नहीं लिया. आप सब देखो, एक बटन छोडना मत."

मग मी मेनकडे बोट दाखवलं, हा रोज मीच बंद करते म्हटलं. त्याने टॉर्च मारला, बटणावर पिठाचा पांढरा थर. लाटणं आणून दाखवलं तर तो हसायला लागला, साहेब नाही हसले. मेन बंद असताना त्यांनी प्रत्येक प्लग तपासला, सगळे मेलेले. मग साहेब खाली मीटरपाशी गेले, टेक्निशियनने घरात येणाऱ्या वायरला वीज मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं, आणि मेन मी चालू केला. लाटण्यानेच. फ्रिज लावला, एसी लावला, दोघं फोनवर आकडे बोलत होते, वर जेवढे तेवढेच खाली, म्हणजे सगळी वीज मीटरमधूनच.

साहेब वर आले, म्हणाले, "खलास," म्हणजे झालं, संपलं, आणि पहिल्यांदा हसले. जिन्यातल्या शेजारणींना टेक्निशियननेच सांगितलं, यहाँ कुछ नहीं है, सब साफ.

नवरा आल्यावर आधी ओरडला, अनोळखी माणसांना दार का उघडलंस म्हणून, मग सगळं ऐकून म्हणाला, मला असं बोलता आलं नसतं.

बाबांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "माझं नाव काढलंस तिथे?"

"काढलं ना," म्हटलं, "सगळ्यांसमोर."

आता मेन चालू ठेवून वर जाते. छाती धडधडते, पण जाते.