गंधकाची कांडी

महाळुंग्याच्या फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो, तेव्हा तिथे अमोनियाची गळती ओळखायची दोन साधनं होती. एक भिंतीवरचा डिटेक्टर आणि दुसरं मामांचं नाक. डिटेक्टर परदेशी होता, मामा गावचेच.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. फळं गार ठेवायची तर कॉम्प्रेसर चालवावे लागतात, आणि त्यांच्या पाइपांतून अमोनिया फिरतो. पाइपात असेपर्यंत हा गॅस गुणी. बाहेर आला की डोळे जाळतो आणि फार झाला तर माणूसही ठेवत नाही. मामा रोज सकाळी गळ्यातला पंचा सावरत मशीन रूममध्ये फेरी मारत, एकेका व्हॉल्व्हपाशी वाकून नाक पुढे करत आणि वहीत 'ओके' लिहून सही करत. कुणी पाहुणा आला की त्याला ही फेरी आवर्जून दाखवली जाई. "कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते मामा नुसत्या वासावर सांगतात," असं म्हणताना माझीही छाती फुगायची.

डिटेक्टरचं एवढं कौतुक कुणाला नव्हतं. फरशी धुतली की तो बोंबलायचा. हमाल हातातले क्रेट टाकून गेटबाहेरच्या टपरीवर पळायचे, चहा व्हायचा, आणि अर्ध्या तासाने कळायचं की काहीच झालेलं नाही. चौथ्यांदा असं झालं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "अहो, त्याचं काहीतरी करा." मी केलं. त्याच्या हूटरची, म्हणजे भोंग्याची, वायर काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. दुरुस्तीवाला येईपर्यंतच, असं मनाशी म्हटलं. त्याला फोन करायचं मात्र राहून गेलं. डिटेक्टरचा हिरवा दिवा लागत होता, ऑडिटला तेवढं पुरलं. शिवाय मामांचं नाक होतंच.

अशात एका सकाळी मी मामांना रंगेहाथ पकडलं. त्यांच्या हातात पेटलेली गंधकाची कांडी होती. ही गळती शोधायची जुनी पद्धत. गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की दाट पांढरा होतो आणि गळती डोळ्यांना दिसते. पण मी कोर्स केलेला माणूस. मशीन रूममध्ये उघडी ज्योत म्हणजे गुन्हाच.

"मामा, एवढं नाक असताना हे कशाला?"

"सवय हाय साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी कांडी विझवली.

मी कांड्यांचा डबा जप्त केला, मामांना लेखी मेमो दिला आणि नोटीस बोर्डावर सूचना लावली. त्या संध्याकाळी निगडीला घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, की आज मी एक मोठा अपघात टाळला. मी तेव्हा नाकाने कांदे सोलत होतो, हे कळायला आठवडा लागला.

हापूसचा हंगाम होता, चेंबर भरलेले. सकाळी दहाच्या सुमारास मी मशीन रूमचं दार उघडलं आणि वास थेट डोक्यात गेला. मामा व्हॉल्व्हपासून दोन हातांवर स्टुलावर बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पंच्याने पुसत होते आणि वहीत 'ओके' लिहीत होते.

"मामा, बाहेर चला!"

"का? काय झालं?"

तो प्रश्न ऐकला आणि मला उमगलं. या माणसाला वासच येत नव्हता. मी त्यांना दंडाला धरून ओढलं, दाराबाहेरचं बटण दाबून मशीन बंद केलं आणि हमाल काम करत होते तो हॉल रिकामा करायला हूटरकडे वळलो. हूटरची वायर ड्रॉवरमध्ये होती, कांड्यांच्या डब्याशेजारी.

मग मी "गॅस, गॅस" ओरडत हॉलभर पळालो. हमालांनी वर हूटरकडे बघितलं, तो गप्प होता. ते परत क्रेट उचलू लागले. शेवटी मामांनी गावाकडची एक सणसणीत शिवी हासडली, तेव्हा सगळे पळाले. दुसऱ्या ऑपरेटरने मास्क चढवून आत जाऊन व्हॉल्व्ह आवळला. कुणाला काही झालं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

टपरीवर मामांनी डोळ्यांवर पाणी मारलं आणि सांगितलं. कोरोना झाला तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. घरी बोंबील तळले तरी बघितल्याशिवाय कळायचं नाही. आज डोळे चुरचुरले, ते त्यांना हंगामातल्या जागरणाचं वाटलं होतं.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का तुमी? म्हून कांडी लावायचो. रोज, समद्या व्हॉल्व्हला."

"मी डबा नेला तेव्हा तरी सांगायचं."

"मेमो देताना इचारलंत कुठं?" पंच्याने तोंड पुसून ते म्हणाले, "आता रिपोर्टात काय लिवणार?"

"खरं ते."

"मग माझ्या नाकाचं लिवा. आन तुमच्या वायरीचं बी लिवा."

म्हणजे त्यांना वायरीचं माहीत होतं. आपलं नाक गेलंय आणि भोंगा मुका आहे, हे दोन्ही ठाऊक असलेला तिथे तो एकटा माणूस होता, आणि त्याच्या हातातली कांडी मी काढून घेतली होती. मला माझीच लाज वाटली.

मी दोन्ही लिहिलं, वायरीचं आधी. मॅनेजरांनी रिपोर्ट वाचला, केबिनचं दार लावलं आणि नवा कागद घेतला. हेड ऑफिसला 'मॉक ड्रिल यशस्वी' असं कळवलं गेलं. तिकडून माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं, ते हूटरच्या खालीच लावलंय. त्या खोट्यामुळे मामांची नोकरी वाचली आणि माझीही. मी ते प्रशस्तिपत्र निमूट घेतलं.

आता नवा डिटेक्टर आहे, वायर जागेवर आहे. सकाळची फेरी आम्ही दोघं मारतो. मामांच्या हातात ओला लाल लिटमस कागद, अमोनिया लागला की निळा होतो तो, आणि वास घ्यायला मी. त्यांच्या मेडिकलच्या फॉर्मवर डोळे, कान, साखर, बीपी सगळं विचारतात. नाकाचा रकाना नाही.

परवा फेरी संपवून आम्ही बाहेर आलो, तर ट्रकमधून आंबे उतरत होते. मामा एका क्रेटपाशी थांबले आणि सवयीने त्यांनी नाक पुढे केलं. मग मागे घेतलं.

"साहेब, औंदा वास कसा हाय आंब्याला?"

रोज शेकडो क्रेट माझ्यासमोरून जातात, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मी वाकून वास घेतला.

"चांगला आहे मामा."

"चांगला म्हंजे कसा?"

मी पुन्हा वाकलो.